शाल-श्रीफळ देण्याआधी

आवडत्या गायकाबद्दल काही वाईट कानावर आलं की पुण्यात पहिलं वाक्य ठरलेलं असतं. ‘आपल्याला त्यांच्या खासगी आयुष्याशी काय करायचंय? आपण गाणं ऐकावं.’ दुसरं वाक्य जरा आवाज खाली आणून येतं, ‘कलावंत असतातच थोडे लहरी.’ आणि विषय संपवायला तिसरं, ‘ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये.’ ही वाक्यं मी मैफलींच्या मध्यंतरात, लग्नाच्या पंगतीत, सकाळी टेकडीवर फिरताना ऐकत आले आहे. ती बोलणारी माणसं वाईट नसतात. शिकलेली, सज्जन, गाण्यावर जीव टाकणारी असतात. म्हणूनच त्यांना नीट उत्तर द्यायला हवं.

म्हणीपासूनच सुरुवात करते. ऋषी कुठल्या घरात जन्मला हे विचारू नये, एवढंच ती म्हण सांगते. आश्रमात शिकायला आलेल्या मुलामुलींशी तो आज कसा वागतो हे विचारू नये, असं ती कुठेही सांगत नाही.

दुसऱ्या बाजूला तरुण मंडळी आहेत. एखाद्याचं नाव निघालं की त्याची सगळी गाणी मोबाइलमधून काढून टाकणारी, आणि आपणही तसंच करावं असा आग्रह धरणारी. त्यांचा राग मला समजतो, त्या रागाबद्दल आदरही आहे. पण या दोन्ही बाजूंचं बोलणं ऐकलं की एक गोष्ट खटकते. दोघेही बोलत असतात ते श्रोत्याबद्दल. मी ऐकू की नको, माझा आनंद शिल्लक राहिला की नासला. ज्या माणसाला त्रास झाला तो या चर्चेत कुठेच नसतो.

माझं म्हणणं असं आहे की ऐकणं ही ज्याची त्याची बाब, पण मान देणं हे आपण सगळे मिळून करतो. व्यासपीठ, पुरस्कार, शाल-श्रीफळ, पाया पडणाऱ्यांची रांग, ‘गुरुजी’ ही हाक, हे सगळं समाज देतो. त्या मानातून त्या माणसाच्या हातात सत्ता येते. ती कुणावर आणि कशी चालवली जाते हे बघण्याची जबाबदारी मान देणाऱ्यांची आहे. ‘कला आणि कलावंत वेगळे करता येतात का’ या प्रश्नावर रात्रभर बोलता येईल, पण आधी उत्तर द्यायला हवं ते या दुसऱ्या प्रश्नाचं.

भ्रमनिरासाचं दुःख मात्र खरं असतं, ते हसण्यावारी नेऊ नये. लेखकाशी आपलं नातं शब्दांतून असतं, मध्ये कागद असतो. गायकाचा आवाज थेट कानात शिरतो. कुणाच्या बाळंतपणात, कुणाच्या वडिलांच्या आजारपणात, कुणाच्या एकटेपणाच्या वर्षांत तो आवाज सोबतीला असतो. पुण्यात तर हे नातं पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला तेव्हापासून डिसेंबर आला की या शहराचा नूर बदलतो. एके काळी रात्र-रात्र चालणाऱ्या त्या सत्रांत आईच्या मांडीवर झोपलेली मुलं आज नातवंडांना घेऊन मुकुंदनगरला येतात. इथे गायकाला नुसतं ऐकत नाहीत. मैफल संपली की लोक ओळीने पायांवर डोकं ठेवतात. थोरांचं नाव घेताना गाणारा कानाच्या पाळीला हात लावतो, तसा समोर बसलेला बँकेतला कारकूनही लावतो.

या भक्तीत एक गृहीतक दडलेलं असतं. षड्ज असा लागला की डोळ्यांत पाणी यावं, आणि आपण नकळत धरून चालतो की ज्याच्या गळ्यातून हे आलं त्याचं मनही तितकंच निर्मळ असणार. तसं काही नसतं. गळा तालमीने तयार होतो. माणसाशी माणसासारखं वागण्याची तालीम निराळी, आणि ती अनेकांना कुणी दिलेलीच नसते. इटलीतल्या जेसुआल्दो नावाच्या संगीतकार सरदाराने १५९० मध्ये आपल्या बायकोचा आणि तिच्या प्रियकराचा खून केला. त्याच्या रचना आजही गायल्या जातात, आणि त्या उत्तम आहेत. सौंदर्य निर्माण करणाऱ्याच्या हातून क्रौर्य होऊ शकतं, हे चारशे वर्षांपूर्वीही लोकांना ठाऊक होतं. त्याचं आश्चर्य किती दिवस करत राहायचं?

आता दोष सगळे सारखे नसतात, आणि इथे निवड करायला शिकलं पाहिजे. तिऱ्हाईताच्या संसारात डोकावणारा समाज मला नको आहे. भीमसेन जोशींच्या मद्यपानाबद्दल पुण्यात कधी लपवाछपवी नव्हती, पुढे त्यांनी ते सोडलं हेही सगळ्यांना माहीत आहे. त्यांचे चिरंजीव राघवेंद्र जोशी यांनी पहिल्या घराच्या वाट्याला काय आलं हे पुस्तकातून लिहिलं. ते वाचून मला भीमसेनांची मियाँ की तोडी कमी प्रिय झाली नाही. आणि मुलाने हे लिहायला नको होतं असंही वाटलं नाही, कारण घरातल्यांनी काय सोसलं हे सांगण्याचा पहिला हक्क घरातल्यांचा. पण त्या संसाराचा निवाडा करायला मला कुणी बोलावलेलं नाही. लहरीपणा, मानधनावरून घासाघीस, उशिरा येणं, दुसऱ्या घराण्याची टवाळी, हेही तसंच. चीड येते, आणि ती तिथेच संपते.

प्रश्न सार्वजनिक होतो तो एकाच्या हातात दुसऱ्याचं भवितव्य असतं तिथे. आणि शास्त्रीय संगीतात ते जितकं पूर्णपणे असतं तितकं फार थोड्या क्षेत्रांत असेल.

ख्याल शिकणाऱ्या मुलीचं काय काय गुरूच्या हातात असतं ते एकदा मांडून बघा. आधी विद्या. कुठली बंदिश कधी द्यायची, तालीम मोबाइलवर रेकॉर्ड करू द्यायची की नाही, कुणाला समोर बसवायचं आणि कुणाला नुसतं ऐकायला सांगायचं, हे सगळं गुरू ठरवतो. मग मंच. आधी तानपुऱ्यावर बसायचं, काही वर्षांनी मागून स्वरसाथ करायची, मग गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात दहा-पंधरा मिनिटं गायचं, आणि त्यानंतर एखाद्या मंडळाला गुरूचा फोन जाणार की ‘आमची अमुक तयार झाली आहे, सकाळच्या सत्रात घ्या.’ तो फोन गेला तर दार उघडतं, नाही गेला तर नाही. स्पर्धेच्या परीक्षकांत गुरूचे स्नेही असतात. साथीला कोण येणार हे गुरूच्या शब्दावर ठरतं. दहा-बारा वर्षं घालवल्यावर हे सगळं सोडून दुसरीकडे जायचं म्हटलं तर शाळा बदलताना मिळतो तसा दाखला इथे कुणी देत नाही. गळ्यावर एका गायकीची वळणं बसलेली असतात, ती मोडून पुन्हा घडवायला पुढची पाच वर्षं जातात, आणि ‘गुरूला सोडून आली’ हा शिक्का कायमचा बसतो.

त्यात पैशाचा हिशेब नसतो. कितीतरी गुरू फी घेत नाहीत किंवा नावापुरती घेतात. हा त्यांचा मोठेपणा आहे, आणि मी तो मनापासून मानते. परगावच्या मुलांना घरात ठेवून घेणारे, जेवू घालणारे, आजारपणात उशाशी बसणारे गुरू या शहरात होऊन गेले आणि आजही आहेत. पण हिशेब नसला की ऋणाला सीमाही नसते. भाजी आणणं, गाडी चालवणं, गुरूच्या मुलाचा अभ्यास घेणं, कार्यक्रमांचे ईमेल पाठवणं, सगळं सेवेत जमा होतं. कुठपर्यंतची सेवा ही सेवा आणि कुठून पुढे वापर, हे ठरवायला त्या मुलीजवळ कुठलीच मोजपट्टी नसते. गंडाबंधनाच्या, म्हणजे रीतसर शिष्य होण्याच्या विधीच्या दिवशी गूळ-चणे भरवून, मनगटावर धागा बांधून तिने सगळ्यांसमोर स्वतःला सोपवलेलं असतं.

आणि आपण श्रोते या सगळ्याला गोष्टींचं खतपाणी घालतो. मैहरचे बाबा अल्लाउद्दीन खाँ किती संतापी होते, शिष्यांना, पोटच्या मुलालासुद्धा कसे मारायचे, या कथा मैफलींनंतर केवढ्या कौतुकाने सांगितल्या जातात. अली अकबर खाँ घडले याचं श्रेय त्या माराला दिलं जातं. बाबांनी अफाट विद्या दिली, अठरा-अठरा तास बसवून घेतलं, स्वतःही तितकेच राबले, हे खरं आहे. पण त्या माराला न टिकलेली, वाद्य खाली ठेवून निघून गेलेली मुलं किती असतील, त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. जे घडले ते माराने घडले की मार सोसूनही घडले, हा साधा प्रश्न आपण विचारत नाही. कारण संतापी गुरू आणि सोसणारा शिष्य ही कथा आपल्याला आवडते.

ती किती आवडते हे मी एकदा जवळून पाहिलं. कोथरूडमधल्या एका बंगल्यात घरगुती बैठक होती, पन्नास-साठ माणसं असतील. गायक असे की ज्यांचं गाणं मी कॉलेजात असल्यापासून ऐकत होते, मिळेल तिथे जाऊन ऐकत होते. विलंबित नुकतं सुरू झालं होतं. मागे डावीकडे तानपुऱ्यावर विशी-बाविशीची त्यांची शिष्या. हॉलमध्ये एसी होता, दारं सारखी उघडत-मिटत होती, त्यामुळे असेल, मध्यमाची तार किंचित उतरली. गायकांनी हात वर करून तबला थांबवला. वळून तिच्या हातातला तानपुरा घेतला, खुंटी पिळली, मणी सरकवला, आणि तानपुरा तिच्याकडे परत देताना माइकवर म्हणाले, ‘हिला सूर कळायला अजून एक जन्म घ्यावा लागणार.’ हशा पिकला. पुढच्या ओळीतल्या दोघांनी टाळ्या दिल्या. मुलीने तानपुरा मांडीवर घेतला आणि पुढचा सव्वा तास खाली बघून छेडत राहिली. बोट एकदाही अडखळलं नाही, तार एकदाही चुकली नाही. त्या रात्रीचा बागेश्री राग अप्रतिम झाला. हे मी मुद्दाम लिहिते, कारण गाणं वाईट झालं असतं तर सगळं सोपं होतं.

पुढे एका ओळखीच्या घरी तिची भेट झाली तेव्हा ती गाणं सोडून हिंजवडीत नोकरी करत होती. मी त्या बैठकीचा विषय काढला. ‘काकू, चारचौघांत बोलल्याचं काही नाही हो,’ ती म्हणाली. ‘रात्री साडेअकराला ‘जागी आहेस का’ असा मेसेज यायचा. त्याचं काय करायचं ते कळायचं नाही.’ उत्तर दिलं नाही तर दुसऱ्या दिवशी तालमीत गुरुजी तिच्याकडे बघायचेच नाहीत. इतरांना नवी तान द्यायचे, तिच्यापाशी आले की तंबोरा जुळवत बसायचे. उत्तर दिलं तर मेसेज वाढायचे. मग एकटीलाच तालमीला बोलावणं सुरू झालं. तिने एका थोरल्या गुरुभगिनीला विचारलं, तर उत्तर मिळालं, ‘त्यांचं मन सांभाळून घ्यायला शिक. विद्या मोठी आहे.’ तिने घरी सांगितलं नाही, कारण आईने तिच्या क्लाससाठी नोकरीची बदली नाकारली होती.

तो रात्रीचा मेसेज आणि तो हशा या वेगळ्या गोष्टी नाहीत. चारचौघांत शिष्येचा अपमान केला तर सभागृह हसतं, हे त्या माणसाला त्या रात्री पुन्हा एकदा कळलं. तिलाही कळलं. ज्या लोकांसमोर आपल्याला उद्या गायचं आहे ते लोक कुणाच्या बाजूने आहेत हे तिने ऐकलं होतं. मग ती तक्रार कुणाकडे करणार होती?

‘आम्ही फक्त कला बघतो, चारित्र्य नाही’ असं म्हणणाऱ्यांना आपल्या इतिहासाची आठवण करून द्यावीशी वाटते. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेव्हा त्यांच्यासमोरचं काम नुसतं गाणं शिकवण्याचं नव्हतं. गाणं ही घरंदाज माणसांनी शिकण्याची गोष्ट नव्हे, असं समजलं जाण्याचा तो काळ होता. पलुस्करांनी शिस्तीचा, सदाचाराचा आग्रह धरला आणि गाण्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. पुण्यात भास्करबुवा बखल्यांनी १९११ मध्ये सुरू केलेला भारत गायन समाज, विनायकबुवा पटवर्धनांचं १९३२ चं गांधर्व महाविद्यालय, यांच्या पायऱ्या मध्यमवर्गीय घरांतल्या मुली चढल्या त्या एका भरवशावर. मुलीला गाण्याला पाठवणाऱ्या बापाला सांगितलं गेलं होतं की इथे ती सुरक्षित आहे. गाण्याची सारी आधुनिक प्रतिष्ठा त्या शब्दावर उभी आहे. आज प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलामुलींचे आईबाप त्याच शब्दावर विसंबून दर आठवड्याला क्लासच्या दाराशी गाडी थांबवतात.

आणि चारित्र्याची चाळणी लावलीच नाही असंही नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास, सरदार पटेल माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री असताना, ज्यांचं खासगी आयुष्य लोकापवादाचा विषय आहे अशा कलाकारांना आकाशवाणीची दारं बंद करण्यात आली. रोख होता गाणाऱ्या, नाचणाऱ्या घराण्यांतल्या बायकांवर. ज्यांनी ठुमरी, दादरा, ख्याल पिढ्यान्‌पिढ्या जपला त्यांच्यावर. त्यांनी कुणाला छळलं नव्हतं, कुणाची विद्या अडवून ठेवली नव्हती. त्यांचा जन्म आणि जगण्याची रीत एवढाच अपराध होता. तेव्हा ‘गाणं बघा, माणूस बघू नका’ असं सांगायला फारसं कुणी पुढे आलं नाही. ही चाळणी बायकांना लावताना आपला हात थरथरला नाही. गुरुपदावरच्या पुरुषाच्या कृत्याबद्दल विचारायची वेळ आली की मात्र एकदम कलेची स्वायत्तता आठवते. हा दुटप्पीपणा आहे, आणि तो मला असह्य होतो.

ऑक्टोबर २०१८ मध्ये देशभर बायका लैंगिक छळाबद्दल बोलू लागल्या तेव्हा कर्नाटक संगीतातली नावंही पुढे आली. चेन्नईच्या म्युझिक अकादमीने त्या वर्षीच्या डिसेंबरच्या हंगामातून सात कलाकारांना वगळलं. जिथे गायला मिळावं म्हणून लोक आयुष्य घालवतात, अशी ही संस्था. तिने न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत वाट पाहिली नाही, आणि कुणाला दोषी ठरवल्याचा आवही आणला नाही. आमच्या मंचावर या वर्षी नाही, एवढंच ठरवलं. २०२० मध्ये भोपाळच्या ध्रुपद संस्थानातल्या विद्यार्थिनींचे आरोप बाहेर आले, तेही आधी निनावी. २०२३ मध्ये चेन्नईच्या ‘कलाक्षेत्र’ या नृत्य-संगीत संस्थेत विद्यार्थी धरणं धरून बसले, मग एका अध्यापकाला अटक झाली. तिन्ही ठिकाणी तक्रार करणाऱ्यांना आधी कुठे जायचं हे माहीत नव्हतं, किंवा माहीत असून तिथे जाण्याचा विश्वास नव्हता. संस्था मोठी, नाव मोठं, आणि तक्रार ऐकणारा माणूस त्याच नावाच्या सावलीतला.

पुण्यात काय स्थिती आहे? महाविद्यालयांत, विद्यापीठाच्या विभागांत निदान कागदावर समित्या असतात. पण इथलं बहुतेक संगीतशिक्षण फ्लॅटच्या हॉलमध्ये चालतं. सदाशिव पेठेत, सहकारनगरात, सिंहगड रोडवर. तिथे समिती कुठून येणार? कायदा मात्र तिथेही पोचतो, हे अनेकांना माहीत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घर हेही कामाचं ठिकाण ठरू शकतं, आणि तक्रार करणारी बाई पगारी नोकर असलीच पाहिजे अशी अट नाही. जिथे दहापेक्षा कमी माणसं काम करतात तिथल्या तक्रारींसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते. मुलगा किंवा मुलगी अठराच्या आतली असेल तर बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा लागतो, आणि ज्याला प्रकार कळला त्याने तो पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘आमच्या गुरुकुलाची बदनामी नको’ म्हणून गप्प बसणारा थोरला शिष्यही त्यात अडकतो.

कायद्याची एक मर्यादा मला फार जाचते. २०१३ च्या कायद्यात तक्रार तीन महिन्यांत करायची असते, फार तर आणखी तीन महिने वाढवून मिळतात. ज्या मुलीला आपल्याशी झालं ते चूक होतं हे कळायलाच तीन वर्षं लागतात, तिच्यासाठी ही मुदत म्हणजे बंद दारच. म्हणून सगळं कायद्यावर सोपवून मंडळांनी हात झटकू नयेत.

यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप मला मान्य आहे. आरोप म्हणजे पुरावा नव्हे. संगीतक्षेत्रात हेवेदावे आहेत, घराण्यांची भांडणं आहेत, आणि निनावी मजकुराने एखाद्याचं आयुष्यभराचं नाव एका संध्याकाळी धुळीला मिळू शकतं. हे घडू शकतं, आणि घडलं तर तो अन्यायच असेल. म्हणूनच चौकशी हवी, आणि मुदतीत हवी. त्या कायद्यानेच चौकशीला नव्वद दिवस दिले आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने आपला चार दशकांचा संगीतदिग्दर्शक जेम्स लिव्हाइन याला डिसेंबर २०१७ मध्ये निलंबित केलं, बाहेरच्या वकिलाकडून चौकशी करवली आणि मार्च २०१८ मध्ये काढून टाकलं. त्याच्याबद्दलची कुजबुज मात्र त्याआधी वर्षानुवर्षं चालू होती. ती कुजबुज चालू होती तेव्हा चौकशी झाली असती तर खरं असेल ते लवकर बाहेर आलं असतं, आणि खोटं असेल तर त्याचंही नाव लवकर स्वच्छ झालं असतं. चौकशी टाळून निर्दोष माणसाचं भलं होत नाही, कारण कुजबुज निर्दोषांनाही सोडत नाही.

शिवाय तुरुंगात टाकणं आणि मंचावर न बोलावणं यांत अंतर आहे. शिक्षेला संशयापलीकडचा पुरावा लागतो, लागायलाच हवा. पण कुठल्याही महोत्सवात गाणं हा कुणाचा मूलभूत हक्क नाही. दर वर्षी शेकडो गुणी कलाकारांना बोलावलं जात नाही, आणि त्यांच्यावर अन्याय झाला म्हणून कुणी सभा घेत नाही.

उरला तो घरातला प्रश्न. ध्वनिमुद्रणांचं काय करायचं? इथे मी कुणाला नियम घालून देणार नाही. ७ जुलै २००१ ला जेरुसलेममध्ये डॅनियल बॅरेनबॉइम या यहुदी वाद्यवृंद-संचालकाने केलं ते मला नेहमी आठवतं. वाग्नर हा उघड यहुदीद्वेष्टा संगीतकार, नाझींनी डोक्यावर घेतलेला. इस्राएलमध्ये त्याचं संगीत न वाजवण्याचा अलिखित संकेत होता. बॅरेनबॉइमने ठरलेला कार्यक्रम पूर्ण केला, मग श्रोत्यांकडे वळून विचारलं, वाग्नर वाजवू का? अर्धा तास सभागृहात वाद झाला. लोक ओरडले, काही उठून गेले, जाताना दारं आपटून गेले. जे राहिले त्यांच्यासाठी त्याने वाजवलं. त्यात मला पटतं ते हे की कुणापासून काही लपवलं नाही. ज्यांना ते सूर ऐकवत नव्हते त्यांना भित्रे किंवा अरसिक म्हटलं नाही, त्यांना जाऊ दिलं. वाग्नरला मरून तेव्हा शंभराहून अधिक वर्षं झाली होती, त्याच्या हाताखाली कुणी शिष्या नव्हती. हयात माणसाचं तसं नसतं. त्याच्या मैफलीचं तिकीट, त्याच्या गाण्याचं मोबाइलवरचं एकेक ऐकणं, त्याच्या एकसष्टीच्या समितीवरचं आपलं नाव, हे सगळं त्याच्या क्लासच्या दारावरची पाटी मोठी करत जातं.

त्या बागेश्रीवाल्या गायकांच्या मैफलीला मी जात नाही. त्यांची जुनी मुद्रणं घरात आहेत, ती फेकलेली नाहीत. कधी लावली तर गाणं सुंदरच वाटतं, आणि मागचा तानपुरा आता जास्त ऐकू येतो. याने मला त्रास होतो, आणि तो होऊ नये असं वाटत नाही.

मंडळांना मात्र या हंगामापासूनच काही करता येईल. कार्यक्रमाची यादी आणि पुरस्काराचं नाव ठरवण्याआधी संबंधिताच्या आजी-माजी शिष्यांशी बोला, विशेषतः सोडून गेलेल्यांशी. तबलजींना, हार्मोनियमवाल्यांना विचारा. ते प्रत्येकाच्या सोबत गाडीतून हिंडलेले असतात, हॉटेलात राहिलेले असतात, त्यांना सगळं ठाऊक असतं आणि त्यांना कुणी विचारत नाही. निवड समितीत त्या गुरूच्या शिष्यपरिवाराबाहेरची दोन माणसं तरी घ्या, त्यांत एक बाई. तक्रार आली तर मंडळातलं कोण ऐकणार त्याचं नाव आधी ठरवा, आणि तो माणूस गायकाचा स्नेही नसेल एवढं बघा. गुरुपौर्णिमेच्या आणि महोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेवर प्रायोजकांच्या जाहिराती पानभर असतात, त्याच पानावर जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा पत्ता आणि फोन छापा. आणि मुलांना क्लासला घालणाऱ्या आईबापांनी पहिल्याच दिवशी तीन गोष्टी मोकळेपणाने विचाराव्यात. तालीम दार उघडं ठेवून होते का, एकट्या मुलाला किंवा मुलीला बोलावलं तर घरच्यांना कळवता का, फी आणि कामं कोणती ते लिहून मिळेल का. खऱ्या गुरूला या प्रश्नांचा राग येणार नाही. ज्यांना राग येईल त्यांच्याकडे मूल ठेवू नका, मग त्यांचा मारवा कितीही मोठा असो.